नाव झाकले म्हणजे ओळख झाकली जात नाही : दुर्मीळ सयामी जुळ्यांच्या छायाचित्रांविषयी खुले पत्र

प्रति,
नवजात शिशुतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि बालशल्यचिकित्सक यांच्या संघटनांचे पदाधिकारी,
तसेच रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नवजात अतिदक्षता विभागात काम करणारी परिचारिका आहे. आमच्या विभागात दाखल झालेल्या एका बाळाचे लेबर रूममध्ये काढलेले छायाचित्र रुग्णालयाबाहेर गेले आणि अनोळखी माणसांच्या मोबाइलवर फिरत राहिले. त्याविरुद्ध मी लेखी तक्रार केली. काही काळानंतर ती निकाली काढल्याचे मला कळवण्यात आले. छायाचित्रात बाळाचे किंवा आईचे नाव नाही, केस पेपरचा क्रमांक नाही, म्हणून रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग झाला असे म्हणता येत नाही, असे कारण त्यासाठी दिले गेले. निर्णय देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला काहीही म्हणायचे नाही. त्यांनी दिलेले कारण मात्र मला मान्य नाही. हे कारण एका रुग्णालयापुरते मर्यादित असते, तर मी हे पत्र उघडपणे लिहिले नसते. पण निरनिराळ्या ठिकाणी काम करणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलताना हेच उत्तर मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते, आणि ते देणारे लोक आपल्याच संघटनांचे सभासद असतात.

या पत्राखाली मी माझे नाव लिहिणार नाही. माझे नाव कळले तर रुग्णालय कळेल, आणि रुग्णालय कळले तर ते बाळ कोणाचे हे शोधायला कोणालाही अर्धा दिवस पुरेल. बाळ मुलगा होता की मुलगी, जन्म कधी झाला, वजन किती होते, यांतले काहीच मी सांगणार नाही. बाळाच्या स्थितीचे वर्णनही या प्रकाराबद्दल वैद्यकीय पुस्तकांत जेवढे सर्वसाधारणपणे दिलेले असते, तेवढेच करीन.

सयामी जुळी, म्हणजे शरीराने एकमेकांना जोडलेली जुळी, एकाच फलित बीजापासून तयार होतात. फलनानंतर साधारण तेराव्या दिवसापुढे गर्भाची विभागणी सुरू झाली तर ती अपुरी राहते, असे एक मत आहे. आधी वेगळे झालेले दोन गर्भ पुन्हा एकमेकांना जोडले जातात, असे दुसरे मत आहे. अशा जुळ्यांचे प्रमाण साधारण 50 हजार ते 2 लाख जन्मांमागे एक असे सांगितले जाते. त्यांतही एक प्रकार फारच विरळा आहे आणि त्याचा अंदाज 10 लाख जन्मांमागे एक असा दिला जातो. त्यात एका गर्भाची वाढ पूर्ण होते आणि दुसऱ्याची मध्येच थांबते. अर्धवट राहिलेल्या गर्भाला बहुधा कार्यक्षम हृदय आणि मेंदू नसतो. त्याचे हात, पाय किंवा कमरेचा भाग पूर्ण वाढलेल्या बाळाच्या शरीराला, पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागाला, जोडलेला असतो आणि त्याच बाळाच्या रक्तावर टिकून राहतो. डॉक्टर या प्रकाराला हेटेरोपॅगस म्हणतात आणि पूर्ण वाढलेल्या बाळाला ऑटोसाइट. आमच्याकडे आलेले बाळ या प्रकारातले होते.

यापुढचे सगळे म्हणणे ज्या गोष्टीवर उभे आहे, ती गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे, तरी सामान्य वाचकांसाठी सांगते. छातीशी जोडलेल्या जुळ्यांमध्ये सुमारे तीन चतुर्थांश जोड्यांची हृदये कमी-अधिक प्रमाणात एकमेकांत गुंतलेली असतात, आणि मुख्य हृदयच सामाईक असेल तर दोघांना वेगळे करून दोघांनाही वाचवणे बहुतेक वेळा शक्य होत नाही. हेटेरोपॅगसची गोष्ट निराळी आहे. पोटाच्या वरच्या भागाला जोडलेल्या प्रकारात हाडांचा सांधा बहुधा नसतो किंवा अगदी थोडा असतो, आणि अर्धवट गर्भाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बऱ्याचदा छातीच्या आतल्या बाजूच्या धमनीतून किंवा यकृताच्या बाजूने येतात. त्या नीट शोधून बांधता आल्या आणि बाळाच्या स्वतःच्या हृदयात मोठा दोष नसला, तर शस्त्रक्रियेनंतर ते इतर मुलांसारखे वाढण्याची शक्यता चांगली असते. त्याच्या पोटावर एक व्रण राहतो. शाळेतल्या सोबत्यांना तो दिसणारही नाही आणि पुढे कोणाला सांगायचे, कोणाला नाही, हे ते मूल स्वतः ठरवू शकेल. शस्त्रक्रियेने त्या मुलाला मिळणारा हा हक्क जन्माच्या दिवशी कोणीतरी मोबाइलवर काढलेला एक फोटो हिरावून घेऊ शकतो, आणि तो पुसून टाकण्यासाठी कोणतीही शस्त्रक्रिया उपलब्ध नाही.

म्हणून, नाव दिसत नाही म्हणजे ओळख पटत नाही, हा युक्तिवाद या बाळांना लागू पडत नाही. न्यूमोनिया झालेल्या बाळाच्या क्ष-किरण चित्रावरून नाव काढले की ते चित्र हजारो बाळांपैकी कोणाचेही असू शकते. दहा लाखांत एखाद्या बाळाच्या बाबतीत ते शरीर हेच नाव असते. त्या भागात, त्या सुमारास, तसे बाळ एकच जन्मलेले असते. शेजाऱ्यांना माहीत असते, नातेवाइकांना माहीत असते, रुग्णालयातल्या प्रत्येक मजल्यावर माहीत असते. अशा वेळी चेहऱ्यावर काळी पट्टी मारून ‘ओळख लपवली आहे’ असे म्हणणे ही केवळ आपली आपण करून घेतलेली समजूत आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने तर सर्वसाधारण रुग्णांच्या बाबतीतही स्पष्ट म्हटले आहे की डोळे झाकल्याने ओळख पुरेशी लपत नाही. हे मार्गदर्शन शोधनिबंध पाठवणाऱ्या प्रत्येकाला उपलब्ध आहे. तरीही लेबर रूममधल्या मोबाइलला ते लागू होते असे कोणाला वाटत नाही.

आता माझ्या तक्रारी सांगते. त्यांचा क्रम महत्त्वानुसार आहे असे नाही. ज्या क्रमाने त्या घडल्या, त्या क्रमाने सांगते.

पहिली तक्रार वेळेची आहे. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही मिनिटांत त्याला कोरडे करणे, ऊब देणे आणि त्याचा श्वास पाहणे यापलीकडे दुसरे काही महत्त्वाचे नसते. नवजात बाळाच्या शरीराचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिले पाहिजे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आपण आम्हाला प्रशिक्षणात पाठ करायला लावता. या बाळांच्या बाबतीत उष्णता बाहेर टाकणारा त्वचेचा भाग इतर बाळांहून जास्त असतो. शिवाय पुष्कळदा नाळेच्या जागी पोटाची भिंत अपुरी राहून आतडी पातळ पडद्यासह बाहेर आलेली असतात, आणि तो पडदा लगेच निर्जंतुक, ओलसर आवरणाने झाकावा लागतो. म्हणजे घाई करण्याचे कारण इतर बाळांपेक्षा अधिक असते. प्रत्यक्षात वॉर्मरभोवती, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या खाटेभोवती, गर्दी होते, दार सतत उघडले जाते, ज्यांची ड्यूटी तिथे नाही अशी माणसे ‘एकदा बघू द्या’ म्हणत आत येतात, आणि फोटो नीट यावा म्हणून बाळावरचे आवरण बाजूला केले जाते. कुतूहल मला समजते. मीही माणूसच आहे, आणि असे बाळ पुन्हा कधी पाहायला मिळणार नाही हे मलाही ठाऊक होते. पण बाळाचे हातपाय गार पडत असताना त्याला उघडे ठेवणे ही उपचारातली हयगय आहे, आणि कोणत्याही नोंदवहीत तिची नोंद होत नाही.

दुसरी तक्रार आईविषयी आहे. बाळाला तातडीने आमच्या विभागात आणले गेले आणि आई प्रसूतीनंतरच्या कक्षात राहिली. तिला बाळाबद्दल नीट समजावून सांगायला कोणी वरिष्ठ डॉक्टर गेले नव्हते, कारण इको (हृदयाची सोनोग्राफी) होऊ द्या, सर येऊ द्या, मग एकदाच सांगू, असे ठरले होते. या मधल्या वेळात एका नातेवाइकाच्या मोबाइलवर तो फोटो पोहोचला होता. त्यामुळे त्या बाईने आपले बाळ पहिल्यांदा पाहिले ते त्या फोटोत, आणि त्याखाली कोणा अनोळखी माणसाने लिहिलेल्या दोन ओळींसह. त्या ओळी मी इथे देणार नाही. ती विभागात आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न बाळ कसे आहे हा नव्हता. गरोदरपणात आपण काय चुकीचे केले, असे तिने विचारले. अशी जुळी आईच्या वागण्यामुळे, खाण्यापिण्यामुळे किंवा विचारांमुळे होत नाहीत, ती आनुवंशिक नाहीत आणि पुढच्या बाळाच्या वेळी पुन्हा तसे होण्याचा धोका नगण्य असतो, ही तीन वाक्ये तिला लेबर रूममध्येच सांगता आली असती. त्यासाठी इकोच्या अहवालाची गरज नव्हती.

इथे एक पोटतक्रारही आहे. जुळ्यांची वार एक आहे की दोन, हे 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत खात्रीने ठरवता येते, आणि एकच वार, एकच पिशवी व मध्ये पडदा नाही असे दिसले की गर्भ जोडलेले तर नाहीत ना, हे पाहायचे असते. हेटेरोपॅगसचे निदान अवघड असते, कारण अर्धवट गर्भ गाठीसारखा दिसू शकतो. ते हुकले तर मी सोनोग्राफी करणाऱ्याला दोष देणार नाही. पण शंका आली असताना ‘पुढच्या वेळी बघू’ एवढेच सांगून आईबापांना परत पाठवले जाते, तेव्हा त्यांची मनाची तयारी करण्याचे आठवडे वाया जातात, आणि प्रसूती कुठे व्हावी, तिथे बालशल्यचिकित्सक असावा का, याचा विचार कोणी करत नाही.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त खटकते, आणि तिच्याकडे कोणी तक्रार म्हणून पाहतही नाही. एवढे फोटो निघाले, पण त्यांतला एकही बाळाच्या केस पेपरमध्ये नव्हता. बालशल्यचिकित्सकांना जोडणीच्या जागेचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, चांगल्या प्रकाशात काढलेला फोटो हवा होता. त्यांना तो पुन्हा काढावा लागला आणि त्यासाठी बाळाला पुन्हा उघडे करावे लागले. वजनाचेही तसेच. काट्यावर दिसते ते बाळाचे आणि त्याला जोडलेल्या भागाचे एकत्रित वजन असते. औषधाचा डोस आणि सलाइनचे प्रमाण कोणत्या वजनावर काढायचे? जोडलेल्या भागातही याच बाळाचे हृदय रक्त पाठवत असते, म्हणून अंदाजाने ठराविक वजन वजा करून मोकळे होता येत नाही. याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो, आणि तो प्रत्येक बाळाच्या बाबतीत वेगळा असू शकतो, हे मला मान्य आहे. पण घेतलेला निर्णय कागदावर हवा. तो तोंडी राहिला की ड्यूटी बदलताना सकाळची सिस्टर एका वजनावर हिशोब करते आणि रात्रीची दुसऱ्या. एकसारख्या वाढलेल्या जोड्यांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण दोघांचे रक्ताभिसरण जोडलेले असेल तर एकाला दिलेले औषध दुसऱ्याच्या शरीरात पोहोचते. म्हणूनच विभक्तीकरणाच्या वेळी प्रत्येक बाळासाठी भूलतज्ज्ञांची वेगळी तुकडी असते आणि कोणती नळी कोणाची हे कळावे म्हणून रंग ठरवून दिलेले असतात. शस्त्रक्रियागृहात एवढी शिस्त पाळता येते, तर अतिदक्षता विभागात पहिल्या दिवशी साध्या सूचनांचे एक पानही का नसावे?

चौथी तक्रार केस रिपोर्टबद्दल. दुर्मीळ आजाराबद्दल लिहिले गेले पाहिजे. या प्रकाराबद्दल आज जे काही माहीत आहे, त्यातले बरेचसे अशाच एकेका बाळाच्या नोंदींतून जमले आहे, आणि आमच्या बाळावर शस्त्रक्रिया करणाऱ्यांनीही त्या वाचल्या होत्या. त्यामुळे लिहूच नका असे मी कधीही म्हणणार नाही. माझा आक्षेप संमती घेण्याच्या पद्धतीवर आहे. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रातच खाली, बारीक अक्षरांत, शैक्षणिक कारणासाठी छायाचित्रे वापरण्याची परवानगी छापलेली असते. ज्या बापाला पुढच्या तासाभरात आपले मूल शस्त्रक्रियागृहात पाठवायचे आहे, तो ते वाचत नाही. वाचले तरी नाही म्हणायचे धाडस त्याला होत नाही, कारण नाही म्हटले तर उपचारात हात आखडता घेतला जाईल, अशी भीती त्याच्या मनात असते. ती भीती निराधार असेलही, पण ती दूर करण्याचा प्रयत्न कोणी करत नाही. शिवाय बाळाचे लिंग, वय, गावाचा उल्लेख, आईची कितवी खेप आणि पूर्ण शरीराचा फोटो हे सगळे एकत्र छापले की नाव न छापण्याला काहीच अर्थ उरत नाही. वाचणाऱ्या शल्यचिकित्सकाला जोडणीची जागा आणि रक्तवाहिन्यांचा मार्ग हवा असतो. चेहरा त्याच्या काही कामाचा नसतो.

पाचवी तक्रार वेगळ्या केलेल्या भागाविषयी आहे, आणि ती लिहिताना मला शब्द जपून वापरावे लागत आहेत. शस्त्रक्रियेत काढलेला भाग तपासणीसाठी पॅथॉलॉजी विभागात जातो, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर त्याचे काय होते, हे आईबापांना कोणी सांगत नाही. काही ठिकाणी तो बरणीत घालून संग्रहालयात ठेवला जातो. काही आईबापांच्या दृष्टीने तो शरीराचा एक जादा भाग असतो, आणि तो गेला याचा त्यांना आनंद होतो. काहींच्या मनात मात्र ते दुसरे बाळ असते, जगू न शकलेले. आमच्याकडच्या आईने मला विचारले होते, ‘सिस्टर, दुसरं कुठे ठेवलंय?’ तिच्या या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात एकच बरोबर उत्तर आहे असे मला वाटत नाही, आणि ते शोधणे माझे कामही नाही. पण तो भाग परत हवा का, त्याला निरोप द्यायचा आहे का, की रुग्णालयाने नियमाप्रमाणे विल्हेवाट लावावी, हे शस्त्रक्रियेआधी विचारणे आपले काम आहे. न विचारता तो संग्रहालयात ठेवणे मला चोरीच्या फार जवळ जाणारे वाटते. हा शब्द कठोर आहे याची मला जाणीव आहे.

सहावी तक्रार पत्रकार परिषदांची. यशस्वी शस्त्रक्रियेनंतर बाळाला मध्ये ठेवून सगळ्या तुकडीचा फोटो काढला जातो आणि वर्तमानपत्रांना दिला जातो. 2007 मध्ये बेंगळुरूत एका दोन वर्षांच्या मुलीवर या वर्गातली अतिशय अवघड शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे कौशल्य वादातीत आहे. पण त्या मुलीचे नाव आणि शस्त्रक्रियेआधीची छायाचित्रे जगभर पोहोचली आणि आजही कोणालाही सापडतात. प्रसिद्धीमुळे निधी मिळतो, इतर आईबापांना आशा मिळते, असे यावर उत्तर दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे. परंतु याच्या उलट जाणारा दाखलाही आहे. 2000 मध्ये इंग्लंडमध्ये सयामी जुळ्या मुलींच्या विभक्तीकरणाचा खटला अपील न्यायालयापुढे आला. सगळ्या जगाचे लक्ष त्याकडे लागलेले असताना न्यायालयाने त्या मुलींना जोडी आणि मेरी अशी टोपणनावे दिली आणि त्यांची ओळख उघड करण्यास मनाई केली. शस्त्रक्रिया करावी की नाही, एकीला वाचवण्यासाठी दुसरीचे मरण पत्करावे का, यावर लोकांनी महिनोन्‌महिने वाद घातला, निकालपत्रावर आजही चर्चा होते, आणि या सगळ्यासाठी त्यांची खरी नावे कोणालाही लागली नाहीत.

आपल्यापैकी कोणाला वाटेल की एका फोटोवरून ही बाई फार ताणते आहे. त्यांनी या जुळ्यांचा इतिहास आठवून पाहावा. 1617 मध्ये जिनोआत जन्मलेला लाझारस कोलोरेडो याच प्रकारातला होता. छातीला जोडलेल्या अर्धवट भावासह तो युरोपभर फिरला आणि लोकांना स्वतःला दाखवून त्याने पोट भरले. ज्या चँग आणि एंग या भावांमुळे सयामी जुळे हा शब्द रूढ झाला, ते 1811 मध्ये सयाममध्ये जन्मले आणि 1829 पासून पाश्चात्त्य देशांत त्यांचे प्रदर्शन मांडले गेले; 1874 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे शवविच्छेदन फिलाडेल्फियात झाले, आणि त्यांचे जोडलेले यकृत व शरीराचा साचा तिथल्या वैद्यकीय संग्रहालयात आजही लोक पाहतात. मिली आणि क्रिस्टीन मकॉय या बहिणी 1851 मध्ये अमेरिकेत गुलामगिरीत जन्मल्या, तान्ह्या असतानाच विकल्या गेल्या, आणि खेळ खरा आहे हे पटवण्यासाठी गावोगावच्या डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली. तंबू लावणारे लोक वेगळे होते, पण त्यांना प्रमाणपत्र देणारे आपल्याच व्यवसायातले होते. चँग आणि एंग यांना मोठेपणी निदान आपल्या कमाईचा हिशोब तरी मागता आला. वॉर्मरवरच्या बाळाला तेही मागता येत नाही.

चौकशीबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. फोटो कोणी काढला हे शोधताना सर्वांत आधी मामा आणि मावशींचे, म्हणजे रुग्णालयातल्या मदतनीस कर्मचाऱ्यांचे, मोबाइल तपासले गेले. त्यानंतर परिचारिकांचे. डॉक्टरांचे मोबाइल तपासले गेल्याचे मला तरी कळलेले नाही. फोटो कोणत्या पदावरच्या माणसाने काढला हे मला ठाऊक नाही आणि कोणाकडे बोट दाखवण्याचीही माझी इच्छा नाही. पण ज्यांची नोकरी कंत्राटी आहे त्यांच्यापासून सुरुवात करून तिथेच थांबणारी चौकशी पुढच्या वेळी कोणालाही खरे बोलायला लावणार नाही. शिवाय वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मत कळवा’ म्हणून टाकलेला फोटो किती जणांपर्यंत पुढे जातो, हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला तातडीने हवा असतो, मी त्याच्या आड येत नाही. त्यासाठी रुग्णालयाचे स्वतःचे साधन असले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता मागण्या.

लेबर रूम, शस्त्रक्रियागृह आणि नवजात अतिदक्षता विभाग यांत वैयक्तिक मोबाइलवर बाळाचा फोटो काढण्यास सर्वांना, म्हणजे अधीक्षकांपासून मावशींपर्यंत सर्वांना, सारखीच मनाई असावी. वैद्यकीय फोटो रुग्णालयाच्या कॅमेऱ्यावर, एका जबाबदार व्यक्तीने, बाळ स्थिर झाल्यावर काढावेत. ते केस पेपरचा भाग मानावेत आणि कोणी कधी पाहिले याची नोंद राहावी. सल्ल्यासाठी ते बाहेर पाठवायचे असतील तर जोडणीच्या जागेपुरतेच पाठवावेत.

सयामी जुळ्यांसाठी, आणि खास करून हेटेरोपॅगससाठी, पहिल्या दिवसाच्या सूचनांचे एक पान आपल्या संघटनांनी एकत्र बसून तयार करावे. वॉर्मरजवळ कोणी असावे, बाहेर आलेली आतडी कशी झाकावीत, डोस कोणत्या वजनावर काढला हे कुठे लिहावे, इको आणि रक्तवाहिन्यांच्या तपासण्या कोणत्या क्रमाने व्हाव्यात, एकाहून अधिक बाळे असतील तर टॅग आणि केस पेपर कसे असावेत, आणि आईशी पहिल्या तासात कोणी बोलावे, एवढे त्यात पुरे. शेवटचा मुद्दा वगळून ते पान काढले जाईल अशी मला भीती वाटते, म्हणून सांगते की त्याची सुरुवातच तिथून व्हावी.

प्रकाशनाची संमती उपचाराच्या संमतीपासून वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी, आणि शक्यतो उपचार न करणाऱ्या व्यक्तीने घ्यावी. नाही म्हटल्याने उपचारात फरक पडणार नाही, हे त्या कागदाच्या पहिल्याच ओळीत असावे. छापण्याआधी मजकूर आणि चित्रे आईबापांना दाखवावीत. मूल जाणत्या वयाचे झाल्यावर त्याला आपला फोटो पुढील वापरातून काढून घ्यायला सांगता यावे आणि ते कोणाला सांगायचे हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले असावे. बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारातील सोळावे कलम बालकाच्या खासगी आयुष्याला संरक्षण देते. त्यातून दुर्मीळ शरीराची बालके वगळलेली नाहीत.

वेगळ्या केलेल्या भागाबद्दल शस्त्रक्रियेपूर्वी आईबापांना लेखी पर्याय द्यावेत. संग्रहालयात आधीच ठेवलेल्या नमुन्यांपैकी ज्यांच्या संमतीचा कागद सापडत नाही, ते निदान लोकांसमोरून हलवावेत.

आणि ज्या तक्रारीवरून हे पत्र लिहावे लागले, तिच्यासारख्या तक्रारी ‘नाव दिसत नाही’ या कारणावरून निकाली काढता येणार नाहीत, असे परिपत्रक आपण आपल्या सभासदांना पाठवावे. वैद्यकीय अधीक्षकांनी आपापल्या रुग्णालयांत या कारणाने बंद केलेली प्रकरणे पुन्हा उघडावीत आणि त्यांच्या चौकशीत परिचारिका व चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असावा. आपल्या संघटनांनी आपले लेखी उत्तर सभासदांसाठीच्या आपल्या पत्रिकेत छापावे. ते मला व्यक्तिशः पाठवण्याची आवश्यकता नाही.

आपली,
नवजात अतिदक्षता विभागातील एक परिचारिका